पाऊस पडला की सेन्सर गप्प
हापूसवाला: देवगडला कलमांच्या बागेत मातीचा ओलावा मोजायला १२ सेन्सर लावलेत पण पाऊस लागला की वरच्या अंगाचे चार एकदम गप्प, बॅटऱ्या तर नव्या आहेत, काय भानगड असेल?

खाडीकाठ: सेन्सरचा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा ना? ओली पानं सिग्नल खातात. ८६५-८६७ मेगाहर्ट्झवाला लोरा (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) बघ, त्याला लायसन्स लागत नाही.

ग्राफवेडी: थांब, खर्च नंतर कर. आधी कागदावर काढ, सेन्सर म्हणजे बिंदू आणि ज्या दोघांत सिग्नल पोचतो तिथे रेघ. त्या गप्प चौघांचा निरोप पुढे जायचा रस्ता एकाच बिंदूतून जात असेल तर तो कट व्हर्टेक्स, तो मेला की पलीकडचं सगळं तुटलं.

हापूसवाला: अगो खरंच की, विहिरीजवळचा! मुंगळ्यांनी झाकणाचं रबर कुरतडलंय, डब्यात पाणी.

ग्राफवेडी: मग तिथे अजून एक लाव, दुसरी वाट हवीच.