शब्दचर्चा : ‘दंगल’ की ‘उठाव’?

प्रश्न : सोलापुरातील आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी, सातवी-आठवीच्या मुलांना समलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या चळवळीची ओळख करून देणारे टिपण मी लिहीत आहे. न्यूयॉर्कमधील ‘स्टोनवॉल इन’ या बारवर २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांनी धाड घातली, तेव्हा गिऱ्हाइकांनी आणि बाहेर जमलेल्या लोकांनी निमूटपणे पांगण्याऐवजी प्रतिकार केला आणि पुढेही काही रात्री चकमकी होत राहिल्या. इंग्रजीत या प्रसंगाला बहुधा ‘रायट्स’ म्हणतात. मराठीत ‘दंगल’ लिहावे काय?

उत्तर : लिहू नये, असे माझे मत आहे. ‘दंगल’ म्हटले की दोन जमावांची मारामारी डोळ्यांपुढे येते आणि येथे एक बाजू पोलिसांची होती, हेच झाकले जाते. ‘दंगा’ तर मुलांच्या लेखी गुरुजी वर्गाबाहेर गेल्यावर होतो. सोलापूरकरांना हा भेद नवा नाही : मे १९३० मध्ये येथे पोलिसांच्या गोळीबारानंतर लोक खवळले, सरकारने लष्करी कायदा पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना येरवड्यात फाशी दिले, त्या दिवसांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणारा कोणी दंगल म्हणणार नाही. (तुलना शब्दापुरतीच आहे, दोन्ही लढ्यांची कारणे निराळी.) तेव्हा ‘उठाव’ लिहावे. अडचण एवढीच, की चादरीच्या व्यापाऱ्याच्या घरातील मूल ‘यंदा मालाला उठाव नाही’ हेच ऐकत वाढलेले असते. म्हणून पहिल्या उल्लेखापाशी अर्थ एका वाक्यात सांगावा.

मात्र ‘उठाव’ त्या रात्रींपुरताच ठेवावा. फिलाडेल्फियात १९६५ ते १९६९ या काळात दरवर्षी ४ जुलैला नीटनेटक्या पोशाखात, हाती फलक घेऊन झालेली शांत निदर्शने आणि २८ जून १९७० ची न्यूयॉर्कमधील पदयात्रा यांना ‘चळवळ’ हाच शब्द शोभतो. २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात याच हक्कांसाठी जेमतेम पंधरा जण चालले, तेही मैत्रीच्या नावाने. त्याला ‘मोर्चा’ म्हणणे जड होईल. प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल याचिकांमधून आला, तेथे ‘न्यायालयीन लढा’ म्हणावे.

प्रश्नकर्ता : ‘उठाव’ पटला. पण आता मथळाही बदलावा लागेल. ‘सुरुवात स्टोनवॉलपासून’ असे मी ठळक अक्षरांत लिहून ठेवले होते आणि फिलाडेल्फियाची निदर्शने त्याच्या चार वर्षे आधीची निघाली.