निवेदक नसलेली डॉक्युमेंटरी
काही जण म्हणतात की साधा ब्रिटिश माणूस टीव्हीवर पहिल्यांदा खरा दिसला तो १९६४च्या 'सेव्हन अप'मध्ये, म्हणजे सात वर्षांच्या मुलांवरच्या ब्रिटिश डॉक्युमेंटरीत. ती थोरच आहे, पण त्याआधी १९५९ला बीबीसीवर डेनिस मिचेलची 'मॉर्निंग इन द स्ट्रीट्स' येऊन गेली होती, ती बघाच. लिव्हरपूल-मँचेस्टरकडच्या गरीब गल्ल्या, खेळणारी पोरं, आणि निवेदक नाहीच! मिचेल मूळचा रेडिओवाला, त्यामुळे लोकांशी आधी टेपरेकॉर्डरवर निवांत बोलून घ्यायचा आणि तो आवाज नंतर वेगळ्या शूट केलेल्या दृश्यांवर चढवायचा, कारण तेव्हा आवाज न् चित्र एकदम घ्यायचं म्हणजे अवजड कॅमेरा, लाइट्स, चारपाच माणसं घरात, मग कोण मोकळं बोलणार? एरवी टीव्हीवर साहेबी इंग्रजी, इथे थेट तिथली बोली. मला तर तेच सगळ्यात भिडलं.