बक्षीस दिलं की मूल शिकतं? तारे वाटणाऱ्यांना उत्तर

फोंडेकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'बक्षीस द्या, मूल शिकतं, पाव्हलॉवने सिद्ध केलंय.' अहो, पाव्हलॉव या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्याला काही केल्याबद्दल बक्षीस दिलंच नव्हतं! ते खातं स्किनर या मानसशास्त्रज्ञाचं. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकून आमच्या कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तो पाव्हलॉव. पुढचा पाय उचलला की उंड्याचा, म्हणजे गोल पावाचा, तुकडा मिळतो म्हणून उचलतो, तो स्किनर. एवढं कळत नसेल तर पोरांवर प्रयोग कशाला? माझी लेक पुस्तकांत बुडालेली असायची. शाळेतल्या बाईंनी दर पुस्तकाला बक्षीस म्हणून एक तारा द्यायला सुरुवात केली, तशी ती सगळ्यांत बारकी पुस्तकं शोधू लागली. तारे संपले, वाचनही संपलं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये हेच दाखवलं. बक्षीस कबूल करून चित्रं काढून घेतलेली मुलं पुढे आपणहून कमी काढू लागली.

डिचोलीची बाई: पोस्ट माझी. पाव्हलॉवचं नाव घेतलं ते माझं चुकलं, घ्या, कान धरले. पण त्याच प्रयोगात न सांगता बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड टिकली होती, ते बरं गाळलंत! तुमची लेक आधीच वाचणारी. माझ्या वर्गात पाटीला हात न लावणारी पोरं आहेत. छडी गेली ते उत्तमच, आता शाबासकीही नको?

बीएडग्रस्त: 'ऋण प्रबलन (नकोशी गोष्ट काढून घेऊन वागणं वाढवणं) म्हणजे शिक्षा नव्हे' असं परीक्षेत बरोबर लिहिलं, तरी माझे गुण कापले. अजून सलतं.

पेडण्याचा: पोदेर येतो तुमच्याकडे? नशीबवान. आमच्याकडचा बंद झाला, त्याचे पोरगे बोटीवर नोकरीला गेले. कुत्रा मात्र मासळीवाल्याच्या भोंग्यालाही फाटकाशी धावतो.

बीएडग्रस्त: एका आवाजाची सवय तसल्याच दुसऱ्या आवाजालाही लागते, याला उद्दीपक सामान्यीकरण म्हणतात.

पेडण्याचा: याला भूक म्हणतात.

म्हापसेकर: उंडा केवढासा झालाय ते बोला! पूर्वी एकात भाजी मावायची.

फोंडेकर: विषय काय, चाललंय काय? बाई, पाढ्यांपुरती शाबासकी मान्य. वाचनाला तारे नकोत.

डिचोलीची बाई: उपकार झाले. एकदा येऊन माझी चौथी सांभाळा, मग पाढ्यांपुरतं की वाचनापुरतं ते ठरवू.

फोंडेकर: धमकी देताय?

डिचोलीची बाई: आमंत्रण. तारे तुम्हीच आणा.

म्हापसेकर: येताना कातरे पाव पण आणा. फोंड्यात अजून मिळतात का हो?