गोल, चौकोनी की सीटखालचा? गाडीतल्या सबवूफरचे अनुभव सांगा

धागाकर्ता

मंडळी, गेले तीन आठवडे आमच्या घरात हा एकच विषय चालू होता. परवा बायकोने त्यावर बंदी घातली, म्हणून इथे आलोय.

गाडी २०१९ ची स्विफ्ट. गेल्या दिवाळीत चारही स्पीकर बदलले. आवाज स्वच्छ झाला, पण खालचं काहीच नाही. ढोलकी टिपरीसारखी वाजते. सबवूफर (फक्त बेस, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारा मोठा स्पीकर) घ्यायचा हे नक्की, आकारावर अडलोय. एक दुकानदार म्हणतो डब्यातला १२ इंची गोल घ्या. दुसरा म्हणतो चौकोनी घ्या, तेवढ्याच मापात जास्त बेस. तिसरा सीटखालचा चपटा गळ्यात मारतोय, आणि ऑफिसातला एक मित्र त्याची बेस ट्यूब (नळकांड्यात बसवलेला वूफर) मला विकायला टपलाय.

कागदावर गणित करून पाहिलं. १२ इंची गोलाचं क्षेत्रफळ ११३ चौरस इंच, १२ इंची चौकोनाचं १४४. म्हणजे जवळजवळ २७ टक्के जास्त. १० इंची चौकोनसुद्धा १०० भरतो. चौकट, रबर आणि गोलावलेले कोपरे यातून वजा होतील, कबूल. तरीही प्रकरण इतकं सरळ असेल तर बाजारात गोल वूफर शिल्लक कसे राहिले?

आकडे नेटवर मिळतात. मला अनुभव हवेत. कुठली गाडी, कुठला आकार, काय फसलं, डिकीचं काय झालं. एक अट आहे: आठवड्यातून दोनदा मुलीचा तबला-डग्गा डिकीतून क्लासला जातो. तो मावलाच पाहिजे.

घाटमाथ्यावरचा

गोल घ्या. डग्गा कधी चौकोनी पाहिलाय का कुणी?

नाशिककर_चौकोनी

मी चौकोनीवाला, त्यामुळे माझं लांबेल.

ओळखीच्या एकाकडून १२ इंची चौकोनी वूफर सेकंडहँड घेतला. आधीचा १२ इंची गोल काढला आणि डबा तोच ठेवला. माप १२, डबा १२ इंचीचा, मग अडचण काय? सुताराला फक्त तोंड चौकोनी करायला सांगितलं. सुतार तर खूशच झाला. म्हणाला, "साहेब, चौकोन म्हणजे माझं रोजचं काम. तुम्ही गोल कापायला सांगता तेव्हा मला घाम फुटतो."

लावला, आणि अक्षरशः डोकं धरलं. आवाज भरपूर, पण प्रत्येक गाण्यात तीच एक 'ढब'. बेस गिटार असो की ढोल, सगळं एका सुरात. दोन महिने मी ॲम्पवर (वूफरला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरवर) खापर फोडत होतो. चूक डब्याची होती. डबा सव्वा घनफुटाचा, सीलबंद, गोलासाठी बेतलेला. चौकोनी वूफरचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) मोठा, तो एका हेलकाव्यात जास्त हवा ढकलणार, आणि आत कोंडलेली हवा मात्र तेवढीच. ती हवा स्प्रिंगसारखी ताठ होते, कोनाला खाली उतरू देत नाही. तळाचा बेस जातो आणि वरचा ढबढबाट उरतो.

शेवटी नवा डबा केला. १९ मिलीमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी), आतली जागा दोन घनफूट, पोर्टवाला (हवेसाठी भोक ठेवलेला). आता एकेक स्वर वेगळा ऐकू येतो. पण हिशेब करा. दोन घनफूट म्हणजे ५७ लिटर हवा. त्यात लाकडाची जाडी, पोर्ट आणि वूफरचं मागचं चुंबक धरलं की बाहेरून डबा ८० लिटरच्या आसपास जातो. तुमच्या स्विफ्टची डिकी २६८ लिटरची. तबला कुठे ठेवणार?

जाता जाता आणखी एक. नवा डबा आल्यावरही मधूनच 'फुर्र' असा आवाज यायचा. एका जुन्या मिस्त्रीने युक्ती सांगितली: ४० हर्ट्‌झचा सूर अगदी हळू लावा आणि पेटलेली उदबत्ती सगळ्या सांध्यांवरून फिरवा. फिरवली. तीन बाजूंना धूर सरळ वर, वूफरच्या उजव्या खालच्या कोपऱ्याशी आला की थरथरायला लागला. चौकटीचे स्क्रू मी एका बाजूने ओळीने आवळत गेलो होतो, त्यामुळे तो कोपरा उचलला गेला होता. स्टेपनी लावताना नट समोरासमोर आवळतो तसे पुन्हा आवळले, खाली फोमची पट्टी घातली, फुर्र बंद. (गाडीत उदबत्तीचा वास आठवडाभर राहिला. आईला वाटलं मुलगा सुधारला.)

सीएनजीवाला

आमचा प्रश्न देवानेच सोडवलाय. वॅगनआर, डिकीत सिलिंडर. गोल, चौकोनी, षटकोनी काहीच शक्य नाही.

ड्रायव्हर सीटखाली ८ इंची चपटा बसवला, ॲम्प त्यातच येतो. दुकानात जाण्याआधी सीटखालची उंची मोजा, आणि ती सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे अशी दोनदा मोजा. मी एकदाच मोजली. मागे सरकवली की सीटची पट्टी वूफरच्या झाकणावर घासायची. सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसल्या तर त्यांना हात लावू देऊ नका, त्या एअरबॅगच्या असतात.

आवाजाबद्दल खरं सांगतो. काच थरथरणार नाही, छातीत धडका बसणार नाहीत. पण ढोलकी ढोलकीसारखी आणि मृदंग मृदंगासारखा वाजतो. मला तेवढंच हवं होतं. पावसाळ्यात मागे बसणाऱ्यांचे ओले बूट आणि छत्र्या यांचं पाणी थेट तिकडे जातं, त्यामुळे जून ते सप्टेंबर मी खालच्या मॅटची कड उभी दुमडून ठेवतो.

कोल्हापुरी_ट्यूब

भावा, ट्यूबबद्दल मी सांगतो. सहा वर्षं वापरली.

नळकांड्याचा एक गुण लोकांना माहीत नसतो. गोल भिंत मुळातच ताठ असते, चपट्या फळीसारखी फुगत नाही, म्हणून पातळ आणि हलकी असूनही ट्यूब घुमत नाही. हवं तेव्हा पट्टे सोडा, वायर काढा, घरी ठेवा. लग्नाच्या हंगामात पाहुणे आणि बॅगा असल्या की माझी ट्यूब कपाटावर. डब्याला हे जमत नाही. तोंड डिकीच्या कोपऱ्याकडे, चार बोटं अंतर ठेवून फिरवलं तर बेस वाढतो. फुकटात होतं, करून बघा.

आता अवगुण. पट्टा नीट आवळला नसेल तर आंबा घाटात ती डिकीभर लोळते. आणि तिच्यावर काहीही रचता येत नाही. एका मे महिन्यात रत्नागिरीहून चार पेट्या आंबे आणताना एक पेटी ट्यूबला टेकवली. साखरप्याच्या पुढे वळणावर पेटी घसरली आणि तिचा कोपरा थेट कोनात. जाळी लावलेली नव्हती. त्या पेटीतला डझन मला वूफरच्या भावात पडला. आकार कुठलाही घ्या, जाळी आधी घ्या.

गाडीतला_वायरमन

हे माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून दोन गोष्टी बोलतो.

घाटमाथ्यावरचे, डग्ग्याचा दाखला झकास आहे पण इथे लागू पडत नाही. डग्ग्याची पुडी ताणलेली असते, ती स्वतः लहरते, म्हणून तिला सगळ्या बाजूंनी सारखा ताण हवा आणि म्हणून ती गोल. वूफरचा कोन ताणलेला नसतो. तो पिस्टनसारखा सबंध पुढे-मागे जातो. त्यामुळे चौकोन चालतो. अडचण येते ती कडेच्या रबरात. गोलाला ते सगळीकडे सारखं वाकतं. चौकोनाच्या कोपऱ्यात त्याला चुण्या पडतात, ताण तिथे गोळा होतो. चांगल्या कंपनीचं रबर कोपऱ्यात मुद्दाम वेगळ्या घडीचं असतं आणि कोनावर उठावदार फासळ्या असतात, म्हणजे सपाट चौकोन वाकत नाही. स्वस्तातल्या नकलांमध्ये हे नसतं. माझ्याकडे दुरुस्तीला आलेले चौकोनी बहुतेक कोपऱ्यातच फाटलेले असतात.

दुसरं. क्षेत्रफळ हा अर्धाच हिशेब. कोन किती मोठा, गुणिले तो किती लांब धावतो, तेवढी हवा हलते. लांब पल्ल्याचा गोल वूफर आखूड पल्ल्याच्या चौकोनाला सहज गाठतो. आणि ५० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते, तुमची अख्खी गाडी चार मीटरच्या आत. एवढ्या लांब लहरीला कोन गोल होता की चौकोनी हे उमटणारच नाही. 'चौकोनीचा बेस कडक असतो' म्हणणाऱ्यांना डबा ऐकू येत असतो.

गिऱ्हाइकं आकारावर तासभर घालवतात आणि ओहमबद्दल (वूफरच्या विद्युत रोधाबद्दल) एक प्रश्न विचारत नाहीत. ड्युअल कॉइल (तारेची दोन वेटोळी असलेला) ४ ओहमचा वूफर समांतर जोडला की २ ओहम, सरळ एकामागे एक जोडला की ८. ड्युअल २ ओहमचा समांतर जोडला तर १ ओहम. तुमचा ॲम्प २ ओहमपर्यंतचाच असेल तर आवाज वाढवताच लाल दिवा लागतो आणि सगळं गप्प. ॲम्प खराब म्हणून परत आणतात, ॲम्प ठणठणीत असतो.

बाबांची_डिझायर

आमच्याकडे तिसराच आकार आहे, त्याला कुणी विचारत नाही: लंबगोल. बाबांच्या डिझायरच्या पार्सल ट्रेवर ६ बाय ९ इंचाचे. बाबा म्हणतात तेवढं पुरे. मी हसायचे. मग वरचं वाचून गणित केलं, एका स्पीकरचे ४२ चौरस इंच येतात, म्हणजे सव्वासात इंची गोलाएवढे. तेवढा गोल त्या चिंचोळ्या ट्रेवर बसवायला जागाच नाही. म्हणून लंबगोल! इतकी वर्षं मला वाटायचं की दिसायला छान म्हणून.

सबवूफर नाही तो नाहीच, पण अभंग ऐकायला खरंच पुरेसं आहे. आई मागे बसते, तिची मान दुखते. मामाच्या गाडीत चौकोनी आहे, त्यात एकदा पंढरपूरपर्यंत गेली आणि येताना एसटीने आली.

स्टिलवॉटर_ते_पिंपरी

चौकोनी वूफर म्हटलं की ज्या किकरचं नाव निघतं, ती कंपनी ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर गावची, १९७३ पासूनची. मी तिथे दोन वर्षं विद्यापीठात होतो. बाहेरच्यांना ते गाव एकतर विद्यापीठामुळे माहीत, नाहीतर या वूफरमुळे. तिथल्या पोरांच्या पिकअपमध्ये सीटमागे किकरचे चौकोनी सोलो-बॅरिक एल ७ असायचे, आणि पार्किंगमधून गाडी गेली की माझ्या खोलीची खिडकी सांगायची.

तिथे रूममेटच्या गाडीत मी भरपूर ऐकलाय. आवडला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या डिकीत डबा आणि ॲम्प सोडून एक पिशवी मावत नव्हती, आणि त्याला त्याचं काही नव्हतं. परत आल्यावर पिंपरीत मी घेतला तो १० इंची गोल, सीलबंद डबा, एक घनफुटाच्या आत. मला सोसायटीत राहायचंय.

वायरीत मात्र कंजूषी करू नका. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर तांब्याच्या नावाखाली सर्रास विकतात. टोक चाकूने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर परत करा. आणि फ्यूज बॅटरीजवळ, वीतभराच्या आत. ५०० वॉटचा ॲम्प पूर्ण जोरात ४०-४५ अँपिअर ओढतो. एवढी वायर कुठे पत्र्याला घासली आणि फ्यूज लांब असला तर तो असून नसल्यासारखा.

नाशिककर_चौकोनी

वायरमन, कोपऱ्यातल्या रबराचं वाचून आत्ताच खाली जाऊन टॉर्चने बघून आलो. माझं शाबूत आहे. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, वॉचमनने विचारलं काय शोधताय.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल रविवारी एक उद्योग केला. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दोन नकली डबे चिकटवले. एक ८० लिटरचा, एक साधारण ४०. मुलीने दोन्ही आळीपाळीने डिकीत ठेवले, मग तबला, डग्गा, दोन चुंबळी आणि हातोडी. मोठ्या डब्याबरोबर डग्गा बसत होता, पण तबला मागच्या सीटवर, बेल्ट लावून. लहान डब्याबरोबर सगळं आत आणि वर भाजीची पिशवीसुद्धा.

तेव्हा १० इंची गोल, सीलबंद, जाळीसकट. वायरमनसाहेब, वूफर ड्युअल ४ ओहमचा मिळतोय आणि ॲम्प २ ओहमपर्यंतचा आहे, म्हणजे समांतर जोडायचा, बरोबर ना? शनिवारी सुताराकडे जातोय. तो गोल कापायचे शंभर रुपये जास्त मागतोय.