मोकळा फ्लोरिन: एक अपवाद

फ्लोरिन हा वायू निसर्गात मोकळा, म्हणजे दुसऱ्या मूलद्रव्याशी न जोडलेला, कधीच सापडत नाही, असं म्हटलं जातं. जवळजवळ खरंय, पण एक भन्नाट अपवाद आहे. जर्मनीत बव्हेरियातल्या व्योल्सेनडोर्फला फ्लोराइटचा (कॅल्शियम फ्लोराइडचं खनिज) एक काळपट जांभळा प्रकार मिळतो, अँटोझोनाइट. हा दगड फोडला की उग्र वास सुटतो. तो कशाचा यावर शतकाहून जास्त काळ वाद चालला. शेवटी २०१२ मध्ये एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंच्या केंद्रकांचे संकेत टिपणाऱ्या) तंत्राने, दगड न फोडताच, आत फ्लोरिनचे रेणू असल्याचं सिद्ध झालं. खनिजात किंचित युरेनियम असतं. त्याच्या किरणोत्सारामुळे कॅल्शियम फ्लोराइडमधला फ्लोरिन सुटतो आणि बारीक पोकळ्यांत कोंडून राहतो. म्हणजे रसायनशास्त्रज्ञ मोआसाँने १८८६ मध्ये विजेने फ्लोरिन मोकळा करून जे साधलं, ते हा दगड आधीच करून बसला होता!

युरेनियमवरून आठवलं: समृद्धीकरणासाठी, म्हणजे युरेनियमच्या हलक्या समस्थानिकाचं (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) प्रमाण वाढवण्यासाठी, युरेनियम हेक्झाफ्लोराइड हे युरेनियम-फ्लोरिनचं संयुगच का? ते सुमारे ५६ अंश सेल्सिअसला थेट वायू होतं हे एक कारण. दुसरं माझ्या मते जास्त मजेदार. निसर्गात फ्लोरिनचं एकच समस्थानिक आहे, फ्लोरिन-१९. त्यामुळे रेणूंच्या वजनातला फरक फक्त युरेनियमच्या समस्थानिकांमुळे पडतो. क्लोरिनची दोन आहेत, तिथे सगळा घोळ झाला असता.