मदत हवी आहे: फॉन मेक बाईंनी चायकोव्हस्कीचे पैसे का थांबवले?

पुढच्या रविवारी आमच्या ग्रुपमध्ये रशियन संगीतकार चायकोव्हस्कीवर १५ मिनिटं बोलायचंय आणि गाडी अडलीये त्याला पैसे पुरवणाऱ्या नादेझ्दा फॉन मेकपाशी. नवरा रेल्वेच्या धंद्यातला, तो १८७६ ला गेला, मग बाईंनी चायकोव्हस्कीला वर्षाला ६००० रुबल द्यायला सुरुवात केली, अट एकच की भेटायचं नाही (कमाल बाई!), हजारावर पत्रं झाली, चौथी सिंफनी त्यांनाच अर्पण, आणि १८९० ला अचानक सगळं बंद. नेटवरचे लेख वाचून झाले, कोणी दिवाळं म्हणतं, कोणी आजारपण, कोणी घरच्यांचा दबाव. मला रशियन येत नाही, इंग्रजी चालेल, पण महागडं पुस्तक नको. तर त्या शेवटच्या वर्षाची पत्रं भाषांतरात फुकट कुठे वाचायला मिळतील?