जुना टायटॅनिक किट: डेकच्या रेघा, कठडे आणि खिडक्या

टायटॅनिक जहाजाचं जुनं प्लास्टिक मॉडेल जोडायला घेतलेल्या एकाने विचारलंय, की डेकवर फळ्या दाखवणाऱ्या उठावदार रेघा घासून काढाव्यात का; कठडे बदलायचा आणि खिडक्यांना भोकं पाडायचाही त्याचा बेत आहे. माझ्या मते घासाच. १/५७० प्रमाणात ०.३ मिमी उंचीची रेघ म्हणजे खऱ्या जहाजावर १७ सेंटीमीटरचा उंबरठा! वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा घासकागद) ओला करून छोट्या लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, म्हणजे डेक सपाट राहील. फळ्या नंतर रंगाच्या दोन-तीन जवळजवळच्या छटांनी दाखवता येतात आणि त्या जास्त खऱ्या वाटतात.

प्लास्टिकचे जाड कठडे काढून पितळी फोटोएच (रसायनाने कोरलेले पातळ पत्र्याचे भाग) लावायचा बेत फार छान. फक्त कापण्याआधी फोटो बघा. टायटॅनिकच्या ए डेकचा पुढचा अर्धा भाग खिडक्यांनी बंदिस्त होता, तिच्या जोडीच्या ऑलिंपिक जहाजाचा मात्र पूर्ण उघडा. तिथली भिंत कापलीत तर जहाजच बदलेल.

गोल खिडक्यांची भोकं पाडायला पिन वाइस (हाताने फिरवायचं छोटं ड्रिल) वापरा. आधी सुईने मध्यावर टोचून घ्या, नाहीतर ड्रिल घसरतं आणि अख्खी रांग वाकडी दिसते. जुनं प्लास्टिक ठिसूळ असतं, म्हणून जोर न लावता सावकाश फिरवा. हलच्या (जहाजाच्या बाहेरच्या कवचाच्या) आतून काळा रंग द्या. बाहेरचा रंग वाळल्यावर प्रत्येक भोकात पारदर्शक वाळणाऱ्या पांढऱ्या गोंदाचा थेंब सोडा. काच बसवल्यासारखी चमक येते.

आणि हो, चौथ्या धुराड्यावर काजळी दाखवू नका. ते मुख्यतः हवा खेळती ठेवायला होतं, बॉयलरचा धूर पहिल्या तिघांतूनच जायचा.